सोशीक लेक

नांदगाव खंडेश्वरच्या वाटेवर उत्तमरावांची फुलांची वाडी आहे. झेंडू, शेवंती, बांधाला थोडी वांगी आणि कडेला महादेवाची घुमटी. त्या घुमटीतला दिवा बेबीताईंनी लग्न होऊन आल्यापासून कधी चुकवला नाही. त्यांचं बोलणं असं हळू, की बाजारात भाव सांगायलाही उत्तमरावांनाच पुढे व्हावं लागे. आणि आईसारखीच लेक निघाली, प्रतीक्षा. वांग्याचे काटे बोटात रुतले तरी हूं नाही की चूं नाही. आल्यागेल्याने म्हणावं, "बेबीताई, पोर मोठी सोशीक हो तुमची." बेबीताईंना ते देवाच्या प्रसादासारखं वाटायचं. "टाकीचे घाव सोसल्याबिगर देवपण येत नाही, बाई," हे तर त्यांनी तिला वेणी घालता घालता इतक्यांदा सांगितलेलं, की पोरीच्या केसांतच ते विणलं गेलं असावं.

शाळेच्या मैदानावर देवमन सर धनुर्विद्या शिकवत. त्यांनी प्रतीक्षाच्या हातात बांबूचं धनुष्य दिलं आणि पहिल्याच हिवाळ्यात ओळखलं की या पोरीचा हात दगडासारखा थांबतो. मग अमरावतीचं मैदान, मग राज्याचं पदक. भावकीत हसू झालं. उत्तमरावांचे चुलतभाऊ म्हणाले, "पोट्टीले धनुष्य देऊन कोणता रावण मारतं, उत्तम?" त्या दिवसापासून पहाटेच्या एसटीला तिला सोडायला उत्तमराव स्वतः जाऊ लागले. आणि गेल्या साली पुण्याकडच्या शिबिरात तिची निवड झाली. तिथून पुढे देशाच्या संघाची चाचणी. वाटेत आता एकच पायरी उरली होती.

शिबिरातल्या बाकीच्या मुली शहरातल्या, इंग्रजी शाळांतल्या. पहिल्याच आठवड्यात भोजनगृहात कोणीतरी हाक मारली तेव्हा ही म्हणाली, "मी जेवून राहिली." सगळं टेबल खदखदून हसलं. खोलीतली गीतांजली नाशिकची, तशी मनाने चांगली; पण तीही रोज नवीन शब्द काढून घ्यायची. "ए, ते काहून म्हण ना पुन्हा. किती गोड वाटतं." गोड म्हणून हसलं तरी हसणंच ते. प्रतीक्षाने फोनवर आईला हे सांगितलं, तेही हसत हसतच. पण आईला आतून लागलं. मोठ्या घरच्या पोरी, त्यांच्याशी आपण काय भांडायचं?

"तू आपलं तोंड बंद ठेवजो, माय," बेबीताई म्हणाल्या. "तुहे बाणच बोलतीन."

लेकीने आईचा शब्द पाळला. दिवसाला हो, नाही आणि "चालेल सर", एवढ्यावर तिचं भागू लागलं. शिबिराचे सर खूश. ही मुलगी कधी तक्रार करत नाही, असं ते बाकीच्यांना ऐकवत.

ज्येष्ठात तिचा उजवा खांदा दुखायला लागला. आधी नुसता भरून यायचा, मग दोरी ओढताना आत चमक निघायची. शिबिरात त्यासाठी एक मॅडम होत्या, मालिश करत, व्यायाम सांगत. पण तिथे आपण होऊन जावं लागे, आपलं दुखणं आपण सांगावं लागे. बाकीच्या मुली नख तुटलं तरी जात. त्यांचे वडील सरांना फोन करून विचारत, आमच्या मुलीला विश्रांती देताय ना? प्रतीक्षा एकदा त्या दारापर्यंत गेली. आत चार मुली गप्पा मारत बसलेल्या. काय सांगायचं ते तिने मनात त्यांच्यासारखं जुळवून पाहिलं. खांदा भरून येतो हे कसं म्हणायचं, ठणकतो म्हटलं तर हसतील का? कोणीतरी विचारलं, "काय गं, काही हवंय?" ती म्हणाली, "नाही." आणि मैदानावर जाऊन तिने आणखी बाण मारले.

श्रावणातल्या सोमवारी बेबीताईंचा उपास असे आणि तो त्या मुक्याने सोडत. पानावर बसल्यापासून चूळ भरेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, अशी त्यांच्या सासूपासूनची रीत. अशाच एका सोमवारी पहिला घास घेतला आणि फोन वाजला. लेकीचा. बेबीताईंनी डाव्या हाताने तो कानाला लावला आणि नुसतं "हं" केलं.

"आई," प्रतीक्षा म्हणाली. मग बराच वेळ काहीच नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. "आज सोमवार आहे नाही का? मी विसरलीच. जेव तू. काई नाई."

चूळ भरून बेबीताईंनी लगेच उलट फोन केला. लेक म्हणाली, सहज केला होता, झोप येऊन राहिली. बेबीताईंना थोडं चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. पण व्रत मोडलं नाही याचं समाधानही वाटलं. लेकीच्या निवडीसाठीच तर त्या वर्षीचे सोमवार होते.

भाद्रपद सरता सरता निवड चाचणी लागली आणि नेमकी अमरावतीलाच, तिच्या सवयीच्या मैदानावर. बेबीताई घुमटीतला अंगारा पुडीत बांधून गेल्या. पहिल्या फेरीत प्रतीक्षा पुढे होती. देवमन सर कुंपणाला धरून उभे होते, त्यांनी वळून बेबीताईंकडे बघून मान डोलावली. दुसऱ्या फेरीत तिने दोरी ओढली आणि हनुवटीपर्यंत येण्याआधीच हात लटपटला. तिने दोरी परत नेली. पुन्हा ओढली, पुन्हा परत. वेळेचा भोंगा झाला आणि बाण धनुष्यालाच राहिला. धनुष्य स्टँडवर नीट ठेवून ती मागे येऊन बसली.

"टेन्शन घेतलं," शिबिराचे सर कोणाला तरी म्हणाले.

बेबीताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. खांदा तव्यासारखा तापला होता.

दोन दिवसांनी अकोल्याला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. आतला स्नायू, ज्याच्या जोरावर हात वर उचलतो, तो फाटला होता, आणि आजचा नव्हे. डॉक्टरांनी दोनदा विचारलं की इतके महिने ही ओढत कशी होती. पहिल्या दुखण्याला थांबली असती तर विश्रांतीने तो भरून आला असता. आता ऑपरेशन केलं तर घरची कामं होतील, पण धनुष्य ओढणं नाही. उत्तमराव बाहेर जाऊन हातपंपाजवळ तोंड धूत राहिले. परतीच्या गाडीत प्रतीक्षाने त्या दाराची गोष्ट आईला सांगितली. त्या सोमवारची नाही सांगितली; ती बेबीताईंना न सांगताच कळली.

धनुष्य शिबिराचं होतं. ते न्यायला तिथले सर अमरावतीच्या मैदानावर आले, तेव्हा बेबीताईही लेकीबरोबर गेल्या. सर वाईट माणूस नव्हते. मनापासून हळहळले. म्हणाले, "ताई, बाकीच्या मुली स्वतः येऊन सांगतात. हिनं कधी तोंडच उघडलं नाही. आम्हाला कसं कळणार?"

"नाई उघडलं," बेबीताई म्हणाल्या. "म्याच सांगतलं होतं तिले तसं." त्या थांबल्या. चार माणसांत एवढं बोलायची त्यांना सवय नव्हती. "पण सायेब, जे बोलत नाई, तिले एकडाव तुमी काहून इचारलं नाई?"

सरांनी धनुष्याच्या पेटीची चेन लावली, पुन्हा उघडून लावली.

बेबीताईंनी देवाशी भांडण केलं नाही. देवाने काही त्यांच्याकडे लेकराच्या हाकेचा घास मागितला नव्हता. दिवा लावून बसल्या की त्या एवढंच म्हणत, महादेवा, तुला ठाऊक होतं, मग मला कसं नाही कळलं?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी वाडीत झेंडू तोडायची घाई होती. प्रतीक्षा उजवा हात झोळीत बांधून डाव्या हाताने फुलं तोडत होती. टोपलीजवळचा फोन वाजला. गीतांजलीची देशाच्या संघात निवड झाली होती. पलीकडून तिचा आनंदाचा आवाज बेबीताईंना दोन ओळी पलीकडे ऐकू आला.

"अगं, अभिनंदन!" प्रतीक्षा म्हणाली. "मला खात्रीच होती. मी? मी फुलं तोडते आहे. उद्या दसरा ना. खांदा ना? बरा आहे आता. नाही गं, अजिबात दुखत नाही."

बेबीताई तोडायच्या थांबल्या. इतकी स्वच्छ, इतकी शहरी बोली त्यांनी लेकीच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. एकही शब्द असा नव्हता, की ज्याला कोणी हसावं.

प्रतीक्षाने फोन खाली ठेवला आणि पुढच्या झाडाकडे वळली.

"दुखून राहिलं का व, माय?" बेबीताईंनी विचारलं.

लेकीने वर पाहिलं नाही. दोन फुलं टोपलीत टाकली.

"लय दुखते, आई," ती म्हणाली.

बेबीताई ओळ ओलांडून तिच्याजवळ आल्या आणि तिच्या शेजारी मातीत बसल्या. फुलं तशीच राहिली.