फुगवलेला वेळ

मी एक जुनी लाकडी फळी आहे. माझ्या अंगावर सोळा भोकं आहेत आणि त्यांत बसणाऱ्या सोळा खुंट्या. म्हणजे मुळात सोळा होत्या. एक कुणाच्या तरी रागापायी खिडकीबाहेर गेली, तिच्या जागी आता पेन्सिलीचा तुकडा आहे. दिसायला मी काही खास नाही. पण मित्रांनो, माणसाच्या डोक्यात काय बिघडलंय हे त्याच्या बोटांवरून मला जेवढं कळतं, तेवढं त्याच्या सख्ख्या आईलाही कळत नाही. ही बढाई समजू नका. या कळण्याने मला सुखापेक्षा दुःखच जास्त दिलं आहे.

माझा जन्मच मारझोडीत झाला. सुताराने मला करवतीने कापलं, रंध्याने सोललं आणि गिरमिटाने सोळा वेळा भोसकलं. शेवटी पॉलिश पेपरने अंग चोळून दिलं, तेवढीच काय ती माया.

तिथून मी गेले एका हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या खोलीत. डोक्याला मार लागलेली माणसं तिथे पहिल्यापासून सगळं शिकायला यायची. शिकवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणायचे. खुंटी उचलायची, भोकात बसवायची आणि बसवता बसवता शंभरापासून तीन-तीन कमी करत उलटं मोजायचं. तुम्हाला वाटेल, यात काय मोठंसं? परांचीवरून पडलेल्या एका गवंड्याला पहिली खुंटी बसवायला अकरा दिवस लागले. पाचव्या दिवशी त्याने मलाच उचललं आणि ताईंच्या कपाळावर हाणलं. रक्त माझ्या वरच्या ओळीत उतरलं. त्याची बायको ओक्साबोक्शी रडायला लागली, तेव्हा कपाळाला कापूस दाबून ताईच तिला समजावत होत्या, की मेंदू दुखावला की राग आवरत नाही, तो मुद्दाम मारत नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच्यासमोर होते. त्याने सोळावी खुंटी बसवली त्या दिवशी त्या बायकोने मला बाळासारखं मांडीवर घेतलं. माझे ते कौतुकाचे दिवस होते.

ताईंचा धाकटा भाऊ बॉक्सर होता. त्याच्या उजव्या हातामुळे त्याला सगळे हातोडा म्हणायचे. एकदा त्याच्याच क्लबमधला एक जुना बॉक्सर ताईंच्या खोलीत आला. वय चाळिशीच्या आतलं, पण हात थरथरत होते आणि स्वतःच्या मुलीचं नाव आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी मला पिशवीत टाकलं आणि थेट क्लब गाठला.

बाप रे, काय जागा होती ती. हाताला गुंडाळायच्या ओल्या पट्ट्यांचा कुबट वास, रिंगच्या कापडावर वाळलेले तपकिरी डाग, आणि सगळीकडे धप्प-धप्प ठोसे. प्रशिक्षक हसून म्हणाले, "अहो ताई, चार ठोसे खाल्ल्याशिवाय कुणी बॉक्सर होतं का?" ताईंनी एका बरणीत पाणी घेतलं, त्यात कच्चं अंडं फोडून सोडलं, झाकण लावलं आणि बरणी दाणदाण हलवली. बरणीला ओरखडा नव्हता. आतलं पिवळं फुटून सगळीकडे पसरलं होतं.

"बरणी म्हणजे तुमची कवटी," ताई म्हणाल्या. "त्यावर तुमचं ते हेडगार्ड घाला, नाहीतर लोखंडी टोप घाला. आतलं हलतंच."

मग नियम ठरला. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकाने माझ्यावर खुंट्या लावायच्या, ताई वेळ वहीत लिहिणार. डोक्याला मार बसला की पुन्हा लावायच्या. पाच सेकंद जरी जास्त लागले, तरी तीन आठवडे रिंगमध्ये पाऊल टाकायचं नाही.

कपडे बदलायच्या खोलीत हातोड्याने सगळ्यांना गोळा केलं. मी बाकावर, पिशवीत होते. त्याने मला बाहेर काढलं आणि फटाफट खुंट्या लावून दाखवल्या. अठ्ठावीस सेकंद. "हा खरा," तो म्हणाला. "आता ताईसमोर मी बावळटासारखा लावणार. तुम्हीपण पहिल्यांदा हळू लावा रे. वेळ फुगवून ठेवा. मग पुढे कितीही मार बसू दे, पास."

सगळे खो-खो हसले. तासाभराने ताईंनी वहीत सगळ्या बॉक्सरांचे वेळ लिहिले. हातोड्याच्या नावापुढे शेहेचाळीस होते. त्याची बोटं माझ्यावर नाटक करत होती आणि मला ते भोकाभोकाला कळत होतं. मित्रांनो, तोंड नसणं म्हणजे काय असतं, ते मला त्या दिवशी समजलं.

उपांत्य लढत आली. समोरच्याचा डावा हूक हातोड्याच्या कानशिलावर बसला. दातांचं कवच उडून पडलं, गुडघे दुमडले, पण पंचांनी आठ मोजेपर्यंत तो उभा राहिला आणि चवताळून त्याने समोरच्याचं नाक फोडलं. जिंकला. ताईंनी लगेच मला त्याच्यासमोर ठेवलं. त्याच्या खुंट्या माझ्या भोकांच्या कडांवर आपटत होत्या. उलटं मोजताना शहात्तर तो दोनदा म्हणाला.

"डोकं दुखतंय का रे?"

"छे गं. तू लिही."

पंचेचाळीस सेकंद लागले. पहिल्यापेक्षा एक कमीच. ताईंनी सही केली. त्याला खरे सतरा सेकंद जास्त लागले होते, आणि ते जाणणारी मी पिशवीत मुकाट पडले.

दुसऱ्या दिवशी अंतिम लढत होती. पहिली फेरी हातोड्याने मारून नेली. दुसऱ्या फेरीत त्याचे हात खाली आले. एक ठोसा भुवईवर बसून कातडं उकललं. दुसरा जबड्यावर बसला. तिसरा तसा जोरात नव्हता, एरवी त्याने तो हसत झेलला असता. पण कालचा मार भरला नव्हता. तो उभाच्या उभा कोसळला, टाचा कापडावर ताडताड आपटायला लागल्या, तोंडातून लाल फेस आला. लोक अजून टाळ्या वाजवत होते. ताई पिशवी फेकून दोरांखालून आत घुसल्या. मी खुंट्यांसकट जमिनीवर विखुरले.

डॉक्टरांनी कवटी उघडून त्याचा जीव वाचवला. महिन्याभराने तळमजल्यावरच्या त्याच खोलीत तो माझ्यासमोर बसला, तोंडाच्या कडेतून लाळ गळत होती. उजव्या हाताला खुंटी धरता येत नव्हती. त्याने मला भिंतीवर फेकलं. ताईंनी उचलून आणलं. त्याने डाव्या हाताने ताईंच्या तोंडावर ठोसा मारला, पुढचा दात पडला. ताईंनी चूळ भरली आणि पुन्हा म्हणाल्या, "उचल." असं किती दिवस चाललं, मी मोजणं सोडून दिलं. सात महिन्यांनी त्याने सगळ्या खुंट्या लावल्या. चार मिनिटं लागली.

त्या दिवशी तो अडखळत म्हणाला, "ताई... मी वेळ... फुगवला होता. अठ्ठावीस होते."

ताई सात महिने मनात स्वतःलाच मारत होत्या, 'सही माझी होती' म्हणून. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं आणि टेबलावर आपटलं. पुन्हा आपटलं. मला मधोमध चीर गेली. खरं सांगते, मला बरं वाटलं. त्यांनी मला मारलं, त्याला नाही.

त्यानंतर वर्षभर मी कपाटात, जुन्या फायलींखाली पडून होते. ताईंना माझं तोंड बघवत नव्हतं. मीही काय तोंड दाखवणार होते. शेवटी हातोड्यानेच मला शोधून काढलं आणि काठी टेकत, पाय ओढत क्लबमध्ये घेऊन गेला. प्रशिक्षक मान खाली घालून उभे होते. "इथे... मी बसणार," तो म्हणाला. "वेळ... मी लिहिणार."

त्या हंगामाच्या बॉक्सरांत एक पोरगी होती. चिडकी म्हणून तिला ठिणगी म्हणायचे. तिने पहिल्याच दिवशी एकेचाळीस सेकंद घेतले. हातोड्याने आपला वाकडा उजवा हात तिच्यासमोर टेबलावर ठेवला.

"हा... वेळ फुगवलेला हात. परत लाव."

तिने परत लावल्या. सव्वीस.

दोन महिन्यांनी सरावात तिची हनुवटी फुटली आणि ती क्षणभर कुठे आहे तेच विसरली. निवडीची लढत तीन दिवसांवर होती. खुंट्या लावल्या, पस्तीस सेकंद लागले. हातोड्याने वहीत पस्तीस लिहिले.

ठिणगीने मला उचलून खांबावर हाणलं. माझा एक कोपरा तुटून उडाला. मग तिने हातोड्याच्या छातीवर गुद्दे मारायला सुरुवात केली. "दोन वर्षं घासलीत मी, दादा! दोन वर्षं!" एक गुद्दा त्याच्या ओठावर बसला, तो खुर्चीवरून खाली पडला. प्रशिक्षक तिला बखोट धरून बाहेर काढायला धावले.

"काढू... नका," हातोडा जमिनीवरूनच म्हणाला. हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. "बरी झाली... की मार मला. एकवीस दिवसांनी."

ती निवड हुकली. ठिणगी त्या दिवसांत क्लबमध्ये यायची, कोपऱ्यात बसून सगळ्यांकडे जळजळीत नजरेने बघायची. बाविसाव्या दिवशी ती माझ्यासमोर बसली. पंचवीस सेकंद. हातोड्याने तिच्या ग्लोव्हजच्या नाड्या बांधायला घेतल्या. त्या थरथरत्या बोटांना दहा मिनिटं लागली. तिने हात मागे घेतला नाही.

मित्रांनो, माझा तुटलेला कोपरा डिंकाने चिकटवला आणि मी कामाला लागले. तुमच्या डोक्याचं तसं नसतं. त्याला रोज नवं काही शिकवा, कोडी घाला, पोटभर झोप द्या. आणि त्याला मार बसला, तर समोर खेळ असो की परीक्षा, मला काही झालं नाही असं म्हणू नका.

हातोडा अजूनही रोज सकाळी माझ्यावर खुंट्या लावतो. दोन मिनिटं दहा सेकंद लागतात. तो वहीत तेवढेच लिहितो.