टाकू की धाकू

...बोटभर चिटोरा, आणि त्यावर इंग्रजी अक्षरांत एक नाव – टाकू कारू. सहदेव ते पुन्हा पुन्हा वाचत होता. असे नाव कुठल्या आईने पोराला ठेवले असेल? कल्याणच्या कचेरीत मोडीची नक्कल करण्यात त्याची अकरा वर्षे गेली होती; समोर असेल ते उतरवायचे, तोंड उघडायचे नाही. पण यंदा, सन अठराशे ब्याऐंशीत, खाडीकाठच्या जमिनींची जुनी मोडी यादी नव्या इंग्रजी यादीशी ताडून पाहिली, तर एकेचाळीस नावे जुळेनात. जी जुळणार नाहीत ती शेते आज बेवारस ठरणार होती.

अव्वल कारकून परशुरामपंतांची रीत सरळ होती – अक्षराखाली अक्षर मांडायचे, एकाहून जास्त वेगळे निघाले की माणूस वेगळा. त्या रीतीने भिवा आणि शिवा एकच ठरत, आणि मोडीतला धाकू काळू मात्र कुठेच सापडत नव्हता... सहदेवाच्या लहानपणी तापात त्याच्या आईचे कान गेले, त्यानंतर ती ओठ बघूनच बोलणे ओळखायची. ‘भात’ म्हटले की ती पाट पुढे सरकवायची, आणि तो पोट धरून हसायचा. आता हसू येत नव्हते – कारण चूक तिची नव्हतीच! भ आणि प एकाच ओठांचे, त आणि ट एकाच जिभेचे. मग अक्षरे कशाला मोजायची? स्वर गाळावेत, उच्चाराची जागा तेवढी धरावी. ट, त, द, ध एका घरात, र, ल, ळ दुसऱ्या. आठ दिवस त्याने ओळखीच्या माणसांच्या नावांच्या साठ जोड्यांवर दोन्ही रीती लावून पाहिल्या होत्या. पंतांची बावीस ठिकाणी बरोबर निघाली, त्याची एक्कावन्न. मात्र त्याच्या रीतीत गणू आणि कान्हूही एका घरात येऊन बसले, तेव्हा तो दचकला – म्हणजे बापाचे नाव आणि गावही जुळायला हवे.

“ही कचेरी आहे, सहदेवा, व्याकरणाची शाळा नव्हे,” ही रीत दाखवताच पंत म्हणाले होते.

दुपारी पुकारा झाला. तुळसा पुढे आली – डोंबिवलीकडची, धाकूची विधवा.

“नवऱ्याचं नाव?” मामलेदारांनी विचारले.

ती खाली बघत राहिली. “कागदाव लिवलाय ना तुमच्या.”

उभ्या जन्मात तिने ते नाव घेतले नसणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होते. पंतांनी पुढचा कागद उचलला. आणि कुणीतरी बोलले – सहदेवाला कळेना, आपणच बोललो का? – “बाई, एकदा म्हणा. मला ऐकायचं आहे.”

“मेल्याव त्याचा नाव घेवाचा?” तिने पदर सावरला. मग ओठ हलले. “धाकू... धाकू कालू.”

कालू! तिच्या तोंडी ळचा ल झाला होता, आणि कुणा नक्कलनविसाने त्या लचा र केला होता. सहदेव उठून उभा राहिला.

“रावसाहेब, ध आणि ट एका जिभेचे. क जिथल्या तिथे. ल, र शेजारी. काळू-कारू, म्हणजे बाप जुळतो, गाव जुळतं. भिवा-शिवा एका अक्षराने वेगळे, पण माणसं दोन. हा दोन अक्षरांनी वेगळा, पण माणूस एकच.”

मामलेदारांनी दोन्ही नावे स्वतः मोठ्याने म्हणून पाहिली, दोनदा. “पंत, तुमच्या रीतीने हा टाकू कोण?”

“कोणी नाही, रावसाहेब.”

“आणि याच्या रीतीने?”

तुळसाने मान वर केली. “माजा घोव!”

कचेरीत हसू पसरले, मामलेदारही हसले आणि म्हणाले, “लिहा. बाकीचीही याच रीतीने बघा.” दिवे लागायच्या आत एकेचाळिसांतली चौतीस शेते आपापल्या माणसांकडे गेली. पंतांनी आपली दौत त्याच्याकडे सरकवली.

सात नावे उरली. ती कुठल्याच घरात बसत नव्हती – कदाचित त्या नावांची माणसेच नसतील, कदाचित रीतच अपुरी असेल. काल असे काही उरले असते तर त्याने मान खाली घालून तसेच उतरवले असते. आता तो खाडीच्या वाटेने चालत होता आणि सातही नावे मोठ्याने म्हणत होता, हळू, मग जोरात, जीभ इकडे तिकडे वळवत... समोरून येणारे लोक थांबून बघत होते. बघोत. अजून म्हणायचे किती प्रकार शिल्लक होते!