राहिलेलं नाव

मी दोन सिनेमे लिहिले. एक चालला, एक पडला. पण बारामतीत तेवढ्यावर माणूस जाणकार ठरतो. दर रविवारी दुपारी माझ्या ओसरीवर पोरंपोरी सिनेमाच्या गोष्टी ऐकवायला येतात. मी ऐकतो आणि चिडतो, कारण एमआयडीसीत दिवसभर दुधाच्या पिशव्या भरणाऱ्या पोराच्या गोष्टीतही हिरो मुंबईचा डॉनच असतो.

त्या रविवारी निमगाव केतकीहून शबीना आली. तिच्या वडिलांचा, अय्युबभाईंचा, मंडप आणि स्पीकरचा धंदा. चार वाजता पुण्याचे एक निर्माते फोनवर तिची गोष्ट ऐकणार होते आणि अडीच वाजून गेले होते. आवडली तर पटकथा तीच लिहिणार, नाही तर पुन्हा स्पीकरच्या वायरी गुंडाळायच्या. शेवट काही केल्या जमत नाही म्हणून ती धावत माझ्याकडं आली होती.

गोष्ट होती लग्नात माइकवर नावं पुकारणाऱ्या निवेदकाची. आपल्याकडं अक्षता पडायच्या आधी तासभर पाहुण्यांचे सत्कार चालतात, हे काही वेगळं सांगायला नको. तर हा गडी एकशे त्रेचाळीस नावं घेतो आणि कारखान्याच्या एका संचालकाचं नेमकं राहतं. संचालक न जेवता उठतो. त्याच्यामागं अर्धा मंडप उठतो, त्यात नवरदेवाचा मामाही. लहानपणापासून ॲम्प्लिफायरजवळ बसून शबीनानं हे सगळं कानानं टिपलेलं. रुसलेल्याची समजूत काढायला गेलेले स्वतःच रुसून परत येतात, इथं मला हसता हसता ठसका लागला. शेजारी मेथी निवडत बसलेली आमची मंडळीही तोंडाला पदर लावून हसत होती.

शेवटी निवेदक माइकवर माफी मागतो आणि सगळे जेवायला बसतात, असं ती म्हणाली आणि माझं डोकंच फिरलं. एवढी तापवलेली गोष्ट आणि वरून गार पाणी ओतलं. मी तिला तसं तोंडावर सांगितलं, जरा लागेल असंच. तिचे डोळे भरले, पण ती हटली नाही.

"मग दुसरं सांगा की तात्या," ती म्हणाली. "नुसतं न्हाय म्हणायला काय लागतंय?"

बरोबर होतं तिचं. मग आम्ही दोघं त्या गोष्टीला भिडलो. राहिलेलं नाव सरपंचाचं करून पाहिलं, आमदाराचं करून पाहिलं, वारलेल्या आजोबांचंही. मी ओसरीवर येरझारा घालत होतो, ती पानामागून पान खोडत होती. साडेतीन झाले, काही बसेना. तरी इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

तेवढ्यात आमची मंडळी मान वर न करता म्हणाली, "आपल्या रेश्माच्या लग्नातली तुमच्या हातची सत्काराची यादी कपाटात हाय. सव्वादोनशे नावं हायत. त्यात मी न्हाय."

आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला कुठं बघावं कळेना. लेकीच्या लग्नासाठी ती चार महिने राबली होती.

शबीना मात्र ताडकन उभी राहिली. "तात्या, दोन नावं राहिलीत. संचालकाचं राहिलेलं सगळ्यांना दिसलं. नवरीच्या आईचं कुणाला दिसलंच न्हाय. आपल्याला पण न्हाय."

बघता बघता शेवट उभा राहिला. संचालक निवळतो, लेक सासरी जाते, मंडप रिकामा होतो. नवरीची आई एकटीच उरलेला भात परातीत काढतेय. निवेदक जाता जाता थांबतो, माइक पुन्हा चालू करतो आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर तिचं नाव पुकारतो. मी चक्क टाळी वाजवली आणि शबीनानं घाईघाईनं सगळं लिहून घेतलं.

चारला फोन आला. तिनं स्पीकर लावला आणि न अडखळता सांगत सुटली. निर्माते दोनदा खळखळून हसले. शेवट ऐकून ते म्हणाले, "लिहायला घ्या, शबीनाताई. पटकथा तुमचीच."

शबीना दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायलाच लागली. निर्मात्यांना एकच विचारायचं होतं: निवेदक शेवटी पुकारतो ते नाव काय, त्या आईचं?

शबीनानं कागद पाहिला. सगळीकडं नुसतं 'नवरीची आई' लिहिलेलं. तिनं गोंधळून माझ्याकडं बघितलं. आमच्यात बायकोला नावानं हाक मारायची पद्धत नाही. घरात मी 'अगं' म्हणतो, चारचौघांत 'आमची मंडळी'. छत्तीस वर्षं त्यावरच भागलं होतं. मी फोनजवळ वाकलो.

"कौसल्या."

मेथी निवडणारे हात थांबले.

"जरा मोठ्यानं बोला," ती म्हणाली. "पुण्यापातूर जायला पायजे."