तिसावा दिवस

"उचलू नकोस," शेट्टर साहेब म्हणाले.

टेबलावर सर्वमंगळाचा फोन सकाळपासून सातव्यांदा थरथरत होता. पडद्यावर नाव होतं, गंगज्जी. दावणगिरीच्या त्या बँकेत विमा विकणाऱ्यांचा एक अलिखित नियम होता: पॉलिसी गळ्यात मारली की तीस दिवस त्या गिऱ्हाइकाचा फोन घ्यायचा नाही. तीस दिवसांत पॉलिसी रद्द करता येते. ते उलटले की पैसे पाच वर्षं अडकले.

"आज तिसावा आहे, सर. म्हातारी ठेव समजून बसलीय. जूनमध्ये नातीची नर्सिंगची फी भरायचीय तिला."

"आजचा दिवस कळ काढ. उद्या मीच बोलतो तिच्याशी."

उद्या म्हणे. सकाळी विक्रीचा आकडा विचारायचा, संध्याकाळी आकडा विचारायचा, आणि कुणी नोकरी सोडली की आजकालच्या पोरांना निष्ठाच नाही म्हणून गळा काढायचा. सहा वर्षं मंगळा हे ऐकत आली होती. तिने फोन उचलला.

"अज्जी, ती ठेव नाही, विमा आहे. पासबुक घेऊन आत्ताच्या आत्ता या."

गंगज्जी मंडक्कीचं, म्हणजे चुरमुऱ्यांचं, दुकान बंद करून धापा टाकत आली. मंगळाने अर्ज लिहिला, तिचा अंगठा घेतला, शेट्टरांच्या समोर उभं राहून पोचेवर शिक्का मारून घेतला.

"पण ठेव म्हणून दिलीस तूच ना गं?" म्हातारीने विचारलं.

"हो अज्जी. मीच."

 म्हातारी पोच कमरेच्या पिशवीत खोचून निघून गेली. मंगळाला ते फार लागलं.

संध्याकाळी तिने राजीनामा दिला. बंगळुरूच्या कचेरीतून एका मुलीने फोनवर कारण विचारलं.

"म्हाताऱ्या माणसांना फसवावं लागतं म्हणून."

"मॅडम, यादीत तसं नाहीये. लग्न, पुढचं शिक्षण, जास्त पगार. यातलं एक सांगा."

"माझी मुलगी दुसरीत आहे."

"मग जास्त पगार टाकते."

मंडीपेठेतल्या साडीच्या दुकानात तिला चार हजार कमी मिळू लागले. दिवाळीच्या आधी एका दुपारी गंगज्जी नातीला घेऊन आली. मंगळाला पाहून उंबऱ्यातच थबकली. मग येऊन समोर बसली आणि ढिगातली एक लालभडक साडी तिने ओढली.

"धुतल्यावर रंग जातो का हिचा?"

गल्ल्यावरच्या मालकाने मान वर केली.

"जातो, अज्जी," मंगळा म्हणाली. "थांबा, दुसरी दाखवते."