झोपाळ्याचे दोन हूक

क्षमाचं पत्र येऊन दोन महिने झाले, तरी विष्णुपंतांनी उत्तर लिहिलं नव्हतं. ‘चि. क्षमास अनेक आशीर्वाद’ इथवर ते रोज पोचत आणि मग चष्मा पुसत बसत.

लेक जर्मनीत होती. मे महिन्याच्या सुटीत इटलीला समुद्रकाठी जायचं, बाबांनीही यायचंच, असं तिचं म्हणणं. तिथं ऊन छान, पाणी निळं; इथवर त्यांची हरकत नव्हती. पण समुद्रावरच्या कड्याला म्हणे खुंट्यांनी लोखंडी तार ठोकलेली होती. कमरेचे दोन हूक तारेत अडकवून कड्यावरून चढायचं. खुंटी आली की एक सोडून पलीकडे लावायचा, मग दुसरा. शेवटी तिनं लिहिलं होतं, ‘दर सहलीला तुम्ही पायथ्याशी पुस्तक घेऊन बसलात. या वेळी माझ्याबरोबर वर या. नाहीतर तसं कळवा, पुन्हा विचारणार नाही.’

हे शेवटचं वाक्य त्यांना कड्यापेक्षा खोल वाटलं.

अखेर, आधी इथं जमतं का पाहावं म्हणून, त्यांनी साताऱ्याच्या घरातला झोपाळा उतरवला, त्याचे हूक दोरीनं कमरेला बांधले, वर कोट चढवला आणि मेढ्याची एसटी धरली. तिथल्या भैरोबाच्या डोंगरावर शेवटच्या कातळाला साखळी होती. रविवारी लोक घरी विश्रांती घेतात, तिथं कुणी बघायला नसेल, असा त्यांचा समज. रविवार भैरोबाचा वार, हे ध्यानातच आलं नाही.

हूक साखळीत अडकवून पहिल्या खुंटीशी पोचल्यावर त्यांनी खाली पाहिलं आणि परत फिरायचं ठरवलं. तर मागे रांग. सर्वांत पुढे नारळाची पिशवी घेतलेली, राहीबाई नावाची एक बाई. विष्णुपंत कसनुसं हसले, तुम्ही पुढे व्हा म्हणाले.

“आवं आजोबा, नवसकऱ्याला वलांडून कसं जायाचं?”

हा नवस नव्हे, हे इटलीचं आहे, असं त्यांना सांगायचं होतं. अनोळखी बाईला एवढं समजावण्यापेक्षा उडी मारणं सोपं होतं.

“सोताला साखळीला अडकवून जायाचा नवस म्या न्हाई ऐकला,” तिच्या मागचा बाळासो नावाचा गडी म्हणाला. “लय अवघड. कुणासाठी बोलला हुता?”

“लेकीसाठी,” विष्णुपंत म्हणाले. तेवढं खरं होतं.

रांगेनं चांगभलं केलं आणि खाली यायची सोय उरली नाही. एक हूक सोडला, लावला. दुसरा सोडला, लावला. प्रत्येक खुंटीला पाठीमागून चांगभलं. वर पोचले तेव्हा त्यांनी साखळी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती आणि राहीबाई वाकून त्यांच्या पाया पडत होती. नवस फिटला म्हणून तिनं हूक मागून घेतले आणि देवळाच्या घंटेशेजारी टांगले. त्यांना नको म्हणता आलं नाही. उतरताना बाळासोनं दंड धरला, म्हणून ते उतरले.

दुसऱ्या दिवशी भिंतीला टेकवलेल्या झोपाळ्याशेजारी बसून त्यांनी लिहिलं: ‘चि. क्षमास अनेक आशीर्वाद. येतो. हूक मात्र तुझ्याकडचे आण. आमचे देवाकडे अडकले आहेत. पुस्तक बरोबर घेईन, पण वर पोचल्यावर उघडीन.’

पत्र पेटीत टाकल्यावर, मध्येच अडकलं तर नाही ना, म्हणून त्यांनी बोटं आत घालून चाचपलं. हाताला काही लागलं नाही.