इस्त्रीच्या टेबलापाशी

बाबा मोठ्यांसाठीही लिहायचे आणि लहानांसाठीही, आणि आमच्या घरात त्याची वाटणी झालेली होती. मोठ्यांची कथा आईने ऐकायची, लहानांची मी. एकीच्या हद्दीत दुसरीने पाऊल टाकायचं नाही. माझ्या वाट्याला भित्रा वाघ, शिंक आली की छपरावर जाऊन बसणारी आत्या आणि एक महाभांडकुदळ आई आली होती. आईच्या वाट्याची माणसं सदा खिडकीत गप्प उभी असायची, असं मला तेव्हा वाटे.

आई कथेवर चकार शब्द बोलायची नाही. ती इस्त्री करत ऐकायची. बाबा स्टुलावर बसून वाचायचे, निम्मं लक्ष कागदावर आणि निम्मं तिच्या हातावर. ऐकता ऐकता तिचा हात थांबला की कथा पास. सगळ्या कपड्यांच्या घड्या होईपर्यंत हात चालूच राहिला, तर बाबा मुकाट्याने कागद फाडत. भल्याभल्या समीक्षकांना ते भीक घालत नसत, पण त्या इस्त्रीला टरकून असत. यात त्यांचे शर्ट मात्र हकनाक जळत. ज्या वर्षी लिखाण जोरात, त्या वर्षी बाबा करपलेली बाही दुमडून सत्कार घ्यायला जात.

आई गेली आणि मोठ्यांचं लिखाण थांबलं. लहानांचं तर मी मोठी झाले तेव्हाच आटलं होतं. प्रकाशक फोन करून करून थकले. बाबा दिवसभर पेपर वाचत, तोच पेपर संध्याकाळी पुन्हा वाचत. आणि मग एकदा मी माहेरी गेले असताना, दुपारच्या चहानंतर ते हातात कागद घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"जरा इस्त्री करतेस का?"

कपडे लॉन्ड्रीत टाकून मोकळी होणारी बाई मी. पण आईचं टेबल मांडलं, इस्त्री तापवली. बाबा स्टुलावर बसले आणि वाचू लागले.

कथा आईवर होती. कथेतली बाई सोशिक होती, समजूतदार होती, नवऱ्याच्या लिखाणासाठी आयुष्यभर झिजली होती. तिने एकदाही आवाज चढवला नाही. शेवटाकडे तीही खिडकीत जाऊन उभी राहिली. बाबांचे डोळे माझ्या हातावर होते. हात थांबवणं किती सोपं होतं! त्यांचा चेहरा खुलला असता, कथा छापून आली असती. नाही थांबवला तर हा माणूस पुन्हा पेन हातात धरणार नाही, याची मला खात्री होती. मी तीच उशीची खोळ पुन्हा पुन्हा फिरवून इस्त्री करत राहिले. रडू येत होतं, पण हात थांबला नाही.

बाबांनी कागद खाली ठेवले.

"बरं झालं," ते म्हणाले. "थांबली असतीस तर वाटलं असतं, पोरीने म्हाताऱ्याची कीव केली. कुठे फसलं, सांग."

"या बाईला राग येत नाही, बाबा. आईला यायचा."

"माझा?"

"तुमचाच."

"कशाचा पण?"

हे मी त्यांना कधी सांगणार नव्हते. "लहानांच्या गोष्टी तुम्ही तिला कधी वाचून दाखवल्या नाहीत, त्याचा. तुमची दाराकडे पाठ असायची. ती दाराआड उभी राहून ऐकायची, तोंडावर हात दाबून हसायची, आणि मला गप्प बस म्हणून खुणावायची. एकदा मला म्हणाली, तुझ्या बाबांना वाटतं मला फक्त दुःखच कळतं."

बाबांनी वाचलेल्या कागदांची घडी घातली. मग हळूच विचारलं, "ती भांडकुदळ आईची गोष्ट पण ऐकली तिने?"

"ऐकली ना. त्यानंतर तुमच्याशी अबोला धरला होता, आठवतं? मला म्हणाली, मेल्याने हुबेहूब उतरवलंय."

बाबा हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवले नाहीत. उठून त्यांनी कपाटातून लहानांच्या गोष्टींचं ते जुनं पुस्तक काढलं. चष्मा पुसला. स्टूल फिरवलं, आणि दाराकडे तोंड करून बसले.

मी इस्त्री बंद केली आणि मागच्या खोलीत निघून गेले. बाबा मोठ्याने वाचत होते, मधेच थांबत होते, कुणाला तरी हसायला वेळ द्यावा तसे.