एका शब्दाला बंदी

गोंदियाच्या बाजारात चुन्नीलालच्या दुकानात लॅपटॉप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दोन गोष्टी हमखास विचारतं. किती वर्षं चालेल, आणि बॅग फुकट आहे ना? रत्नपालने यातलं काहीच विचारलं नाही. लॅपटॉप त्याने दहा मिनिटांत पसंत केला आणि त्यात व्हायरसपासून वाचवणारं कोणतं सॉफ्टवेअर टाकायचं, यावर दीड तास घालवला. देवरीची तीनची बस गेली, तरी तो स्टुलावरून हलला नाही.

चुन्नीलाल बोलका माणूस. त्याने काउंटरवर सॉफ्टवेअरचे तीन डबे मांडले आणि सुरू झाला.

"देखो भाऊ, अँटीव्हायरस म्हणजे घरात घुसलेला चोर पकडणारा. और फायरवॉल मतलब दरवाजे का चौकीदार. कोण आत येते, कोण बाहेर जाते, सगळ्यावर नजर."

"म्हंजे आमच्या नाक्यासारखं," रत्नपाल म्हणाला.

तो देवरीजवळ जंगलाच्या तपासणी नाक्यावर बावीस वर्षांपासून होता. छत्तीसगडकडून ट्रक आला की आडवा बांबू खाली, कागद पाहिले की बांबू वर. तेव्हा चौकीदार काय करतो हे त्याला शिकवायची गरज नव्हती. त्याला हवं होतं ते वेगळंच होतं, आणि ते कसं मागावं हे त्याला कळत नव्हतं. शेवटी त्याने विचारलं, "यात एखादा शब्द बंद करता येते का?"

"शब्द?"

"हो. पोरीनं तो शब्द टाकला का पान उघडलंच नाई पायजे."

चुन्नीलाल गालात हसला. असे बाप त्याने पुष्कळ पाहिले होते. "होता है ना. जुगार, गंदी फिल्में, सगळं एका बटणात बंद. पोरीचं काही चक्कर आहे का, भाऊ?"

"सिकलसेल," रत्नपाल म्हणाला. "तो शब्द बंद करा."

चुन्नीलालचं हसू तिथल्या तिथे मावळलं. या जिल्ह्यात तो शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आईबापांकडून आलेला रक्ताचा आजार. रक्त कमी होतं, सांधे ठणकतात, आणि एखाद्या वेळी दवाखान्यात नेलेलं माणूस घरी परत येत नाही. रत्नपालचा थोरला विवेक दोन वर्षांपूर्वी असाच गेला, एकोणीस वर्षांचा. धाकट्या खुशबूलाही तोच आजार होता, आणि ती आता अठराची होती.

विवेक गेल्यावर महिनाभराने रत्नपाल एकदा अचानक खोलीत शिरला. खुशबू मोबाईल घेऊन बसली होती. पडद्यावरचं एकच वाक्य त्याला दिसलं, 'सिकलसेलचे रुग्ण किती वर्षे जगतात'. तिने मोबाईल पालथा घातला. तो बाहेर आला आणि अंगणात उगाच बादली धूत बसला. बायकोला, अल्कालाही, त्याने हे सांगितलं नाही. आपली पोर आपल्या आयुष्याची वर्षं मोजते आहे, हे बापाने कुणाला आणि कोणत्या तोंडाने सांगायचं?

म्हणून त्याला अशी भिंत हवी होती. पहिल्या डब्यातलं सॉफ्टवेअर पान अडवायचं, पण वर लाल पाटी लावायचं, 'हे पान तुमच्या पालकांनी बंद केले आहे'. ते त्याने बाजूला सारलं. दुसरं कुलपाचं चित्र दाखवायचं. तेही नको. तिसरं मात्र काहीच सांगायचं नाही. गोल चक्र फिरत राहायचं आणि मग 'पान उघडत नाही, नेट तपासा' एवढंच यायचं.

"हे द्या," रत्नपाल म्हणाला.

चुन्नीलाल घुटमळला. "भाऊ, बच्ची समझेगी नेट खराब है. त्यापेक्षा तिच्याशी सरळ बोलून टाका ना."

"बापानं पोरीशी काय बोलावं ते मले नोका शिकवू."

चुन्नीलाल कामाला लागला. एका लायसन्सवर तीन मशिनी चालायच्या, म्हणून दुरुस्तीला म्हणून सोबत आणलेल्या खुशबूच्या मोबाईलवरही ते चढलं. शब्द मराठीत टाकला, इंग्रजीतही टाकला. ज्या पानावर तो शब्द कुठेही असेल, ते पान आता उघडणार नव्हतं. किती वेळा पान अडवलं, त्याचा आकडा दर रविवारी रत्नपालच्या मोबाईलवर येणार होता, आणि मध्ये कधीही पाहता येणार होता. रत्नपाल पाचच्या बसने घरी निघाला तेव्हा खरोखर हलका झाला होता. मायेचा माणूस एकदा पहाऱ्याला बसला की त्याला समजावणारं कुणी नसतं.

खुशबूला लॅपटॉपचं अप्रूप काय वर्णावं! रोज फडक्याने पुसायची, आईला हात लावू द्यायची नाही. पहिल्या रविवारी रत्नपालच्या मोबाईलवर आकडा आला, सात. पोर अजून शोधत होती, पण भिंत टिकली होती. दुसऱ्या रविवारी तीन. तिसऱ्या रविवारी शून्य. पोर विसरायला लागली, असं त्याला वाटलं. त्या दिवशी त्याने चौकातून अर्धा किलो जिलेबी आणली.

"कायची जिलेबी?" अल्काने विचारलं.

"असंच," तो म्हणाला. खुशबूने तीन वेढे खाल्ले, तेही त्याने मोजले.

तिने नागपूरच्या एका कॉलेजात जायचं ठरवलं होतं, रक्त तपासणाऱ्यांचा कोर्स करायला. लहानपणापासून तिच्या हातात इतक्या सुया गेल्या होत्या की नवख्या माणसाने शीर शोधायला वेळ लावला तर ती त्याला हाताने दाखवायची, "इथं टोचा, इथं सापडते." आपण हे काम यांच्यापेक्षा बरं करू, असं ती म्हणायची. मार्क चांगले होते. फॉर्म स्वतःच भरणार होती. "बाबा, तुमी फक्त सही करा," एवढंच तिने सांगितलं होतं.

चौथ्या आठवड्यात तिचे गुडघे धरले. पाणी पी, गोळ्या घे, शेक दे, हे सगळं घरात पाठ झालेलं होतं. ती उशीला टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन पडून राहायची. गुरुवारी रत्नपालने नाक्यावर दोन ट्रकांच्या मध्ये सहज मोबाईल उघडला. आकडा एकोणीस होता. शुक्रवारी दुपारी तो एकतीस झाला.

दुखणं आलं की पोरीच्या मनात पुन्हा तेच यायला लागलं, असं त्याने धरून घेतलं. त्याने चुन्नीलालला फोन लावला.

"कौनसा पन्ना है, वो तो देखो भाऊ," चुन्नीलाल म्हणाला. "आकड्याच्या खाली पूर्ण लिस्ट असते."

"पायची गरज नाई मले. भिंत पक्की हाये ना?"

"पक्की आहे."

"बस मंग."

दहावीपर्यंत शिकलेला माणूस. इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचता आली असती. ट्रकांचे कागद तो रोज वाचतच होता. पण त्या लिस्टमध्ये किती वर्षं, कोणतं वर्ष, असलं काही लिहिलेलं असेल या भीतीने त्याचं बोट खाली गेलं नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर खुशबूने विचारलं, "बाबा, नेटले काय झालं? बाकी सारं चालते, एकच पान नाई उघडून रायलं. मोबाईलवरही नाई."

"कंपनीचं काही असन," तो म्हणाला. "तू आराम कर. डोक्याले कायले तरास देतं?"

"काम हाये थोडं."

"राहू दे ना काम."

तिने लॅपटॉप बाजूला ठेवला. बाप थकून आलाय, असं तिला वाटलं. शनिवारी दुपारी ती आईच्या खांद्यावर हात टाकून चौकातल्या नेटच्या दुकानात जायला निघाली आणि उंबऱ्यातच बसली. पाय उचलेना. अल्का आपल्या साध्या बटणांच्या मोबाईलवरून नवऱ्याला फोन लावत होती, तर तिने लावू दिला नाही. "नोको सांगू बाबाले. नाका सोडून धावत येतीन."

रविवारी सकाळी आकडा आला, सेहेचाळीस. रत्नपाल तिच्या खाटेशी जाऊन बसला. आज मायेने बोलायचं, असं त्याने ठरवलं होतं. पण आधी तीच बोलली.

"बाबा, फॉर्म राहिला."

"कोणता फॉर्म?"

"कॉलेजचा. दिव्यांगांच्या जागा असतात ना, त्यात माह्या नंबर लागत होता. तिसऱ्या पानावर आजार निवडा लागते. सिकलसेल निवडाचं होतं. ते पानच नाई उघडलं. तीन दिवस लावून रायली होती. काल सहा वाजता मुदत संपली."

तो शब्द घरात मोठ्याने उच्चारला गेला नव्हता, विवेक गेल्यापासून. रत्नपालने खिशातून मोबाईल काढला आणि पहिल्यांदा बोट खाली नेलं. एकाखाली एक, सेहेचाळीस वेळा तीच ओळ. त्याने अक्षर अक्षर लावलं. कॉलेजचं नाव होतं.

"मीच बंद केलं होतं," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. दुकान, तीन डबे, शब्द, आकडे. अल्का दारात सूप घेऊन उभी होती. तिच्या हातातले तांदूळ तसेच राहिले. "काय करून ठेवलं हो तुमी!" एवढंच तिच्या तोंडून निघालं. खुशबू ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"काऊन, बाबा?"

"तू मोबाईलवर पाहात होती. किती वर्षं..."

"ते होय? ते तं एकदाच पाह्यलं होतं. मंग मी डॉक्टरीणबाईले जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, तसं काही ठरलेलं नसते, गोळ्या चुकवू नोको, तपासणी चुकवू नोको. म्हणून मी चुकवत नाई."

"मंग लॅपटॉप आला त्या आठवड्यात? सात वेळा?"

तिला आठवायला थोडा वेळ लागला. "ते... रायपूरकडची एक बाई हाये. साठ वर्षांची. तिले हाच आजार हाये, नातू खेळवते ती. तिची मुलाखत होती. अर्धी मोबाईलवर वाचली होती, बाकीची मोठ्या पडद्यावर वाचू म्हटलं. उघडलीच नाई. मंग दिला सोडून नाद."

रत्नपालने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आपल्या पोरीने साठ वर्षं जगलेल्या बाईबद्दल वाचणं सोडून दिलं, आणि आपण त्याचा आनंद केला, हे त्याला सोसवेना. तो रडला. बायकोसमोर, पोरीसमोर, तोंड उघडून रडला.

थोड्या वेळाने खुशबूने लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. "काढा आता ते."

चुन्नीलालला फोन लावून, तो सांगेल तसं बटण दाबत त्याने बंदी काढली. तिसरं पान लगेच उघडलं. आजारांची यादी होती, यादीत तो शब्द होता, आणि वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'अर्जाची मुदत संपली आहे'.

सोमवारी त्याने अंगणात उभं राहून कॉलेजला फोन केला. 'साहेब, चूक माही हाये, पोरीची नाई' हे तीनदा सांगितलं. पलीकडचा माणूस चांगला होता, पण करणार काय? "काका, सिस्टिमच बंद झाली. पुढच्या वर्षी लवकर भरा," तो म्हणाला.

खुशबू खाटेवरून सगळं ऐकत होती. बापाचा चेहरा पाहून तिने हसून म्हटलं, "जाऊ द्या ना बाबा. एक वर्ष तं हाये. पुढच्या वर्षी भरू."

कोणाचीही पोर म्हणेल, तसंच ती म्हणाली. रत्नपाल फोन हातात धरून उभाच राहिला. एक वर्ष. विवेकला सगळी मिळून एकोणीस मिळाली होती. त्यातलं एक जरी कुणी काढून घेतलं असतं, तरी रत्नपालने त्या माणसाला जन्मात माफ केलं नसतं.